शेवटची वीत

मिवानची भिंत आहे, काका,
ड्रिल खाली ठेवत दस्तगीर म्हणाला.
तीन बिटं मोडली, चौथं माझ्या पदरचं आहे.
उंड्रीत अकराव्या मजल्यावर
वीट म्हणून औषधालाही नाही,
सगळं घर एकाच साच्यात ओतलेलं,
इडलीसारखं.

राउटर हॉलमध्ये. मागच्या खोलीत ही,
मांडीचं हाड मोडल्यापासून सात आठवडे पलंगावर.
समोर टीव्ही, जुना, पण चित्र स्वच्छ.
त्याच्या पाठीत एकच चौकोनी भोक, वायरीचं.
हवेतलं त्याला काही कळत नाही.
माझ्यासारखंच, मी म्हणालो.
ही म्हणाली, टीव्ही निदान बंद तरी करता येतो.

तपकीर गल्लीतून मी तीस मीटर वायर आणली होती,
घासाघीस करून, हातात वजन तोलून.
दारातून नेली तर सगळ्यांच्या पायात,
आणि पायात येण्याचं काय होतं
ते पलंगावर पडलेलंच होतं.

मग शाल्मली ऑफिसातून येताना एक डबी घेऊन आली.
साबणाच्या वडीएवढी. पांढरी.
बाबा, ही हवेतलं घेते आणि वायरीतून देते.
म्हणजे दुभाषी, मी म्हटलं.
तसंच काहीतरी, ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

चौतीस वर्षं मी टेलिफोनात जॉइंटर होतो.
लक्ष्मी रोडखालच्या चेंबरात गुडघाभर पाणी,
वर साड्यांची खरेदी,
खाली मी आणि बाराशे जोड्या,
कागदात गुंडाळलेलं तांबं, केसापेक्षा थोडं जाड.
एकेक जोडी लावायची आणि हॅलो म्हणायचं.
कॅम्पातल्या टोकाला खंडागळे.
तो कधी हॅलो म्हणाला नाही. म्हणायचा, बोल.
बोल आला की ती जोडी जिवंत.
बाराशे वेळा बोल.
घरी गेलो की मी हिच्याशी बोलत नसे,
तोंडाला कोरड पडलेली असायची.
हे ती अजून काढते.

डबीबरोबर आलेली वायर तोकडी निघाली. वीतभर कमी.
इतकं सगळं हवेतून आलं
आणि शेवटच्या वितेला अडलं.

मग माझी पेटी निघाली. चष्मा निघाला.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा...
हे काय? हिरव्याच्या जोडीत निळ्याची जोडी घुसवलेली!
आमच्याकडे जोडी अशी फाकवली की मेमो मिळायचा.
शाल्मली म्हणाली, बाबा, हेच बरोबर आहे,
जगभर असंच लावतात.
लावत असतील.
मी लावलं, पण मनाला पटलं नाही.
दातांनी नाही, पकडीनेच सोललं, हेही सांगून ठेवतो.
दात आता माझे नाहीत.

दिवा आधी लाल. मग पिवळा, लुकलुकणारा.
शाल्मलीने पासवर्ड घातला, चुकला, पुन्हा घातला.
पासवर्ड माझ्या निवृत्तीची तारीख आहे,
हे मला त्या दिवशी कळलं.
मग निळा.
लुकलुकला नाही, ठाम उभा राहिला.

खोलीत कोणी नव्हतं माझ्याकडे बघणारं.
वाकलो, डबीजवळ तोंड नेलं,
आणि हळूच, सवयीने, म्हणालो, हॅलो.

मागच्या खोलीतून आवाज आला,
बोला.

तसा अर्थ काही नव्हता त्यात.
टीव्ही एकदम मोठ्याने सुरू झाला होता,
आणि रिमोट पलंगाखाली गेला होता.

तीस मीटरांतली वीतभर गेली.
बाकीचं भेंडोळं माळ्यावर ठेव म्हणतात,
पण या घराला माळा नाही.
पलंगाखाली सरकवून ठेवलंय,
रिमोट सापडला त्याच्या शेजारी.